चौथ्या भिंतीचा कागद

कागद शनिवारी लावला, बुधवारी काढला आणि बाबांना सांगितलं की तीस दिवस पुरे झाले.

या घरात आजवर कोणी खोटं बोललंच नाही असं नव्हे. आई गिऱ्हाइकांना उरलेल्या कापडाबद्दल, धाकटी आईला मार्कांबद्दल आणि थोरला सगळ्यांना सिगारेटबद्दल आपापल्या ऐपतीप्रमाणे बोलून मोकळे झाले होते. पण तळघराच्या भिंतींबद्दल कोणी कधी खोटं बोललं नव्हतं. तेवढी एक जागा स्वच्छ राहिली होती.

बाबा गवंडी. आठवडाभर लोकांची घरं बांधायची आणि रविवारी स्वतःच्या घराखाली खणायचं, हे त्यांनी बावीस वर्षं केलं. माती बादल्यांनी वर काढली, विटा एकेक करून खाली नेल्या, कोणाला हात लावू दिला नाही. "घर पाहावं बांधून म्हणतात ते वरच्या घराबद्दल," ते म्हणत. "खाली बांधून बघा, मग बोला." मागच्या बाजूला कांदेबटाटे आणि आईच्या बरण्या ठेवायला थंडगार कोठार, ते केव्हाच झालं होतं. पुढची मोठी खोली आईच्या शिवणाच्या मशीनसाठी. लग्नानंतरची सगळी वर्षं ते मशीन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभं होतं आणि आईच्या प्रत्येक ब्लाउजला फोडणीचा वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. "तुला खोली करून देतो," असं बाबांनी कबूल केलं होतं. तीन भिंती झाल्या होत्या. रस्त्याकडची चौथी राहिली होती.

बाबांचा नियम साधा होता. भिंत फळ्यांनी बंद करण्याआधी तिच्यावर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून लावायचा, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहायची आणि तीस दिवस त्याच्याकडे फक्त बघायचं. मातीतून भिंतीत पाणी येत असेल तर कागदाच्या आतल्या अंगाला थेंब धरतात. नाही धरले तर कागद काढून घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवायचा आणि मग फळ्या मारायच्या. थोरल्याने एकदा एकोणतिसाव्या दिवशी कागदाचा कोपरा उचलून पाहिला होता. बाबांनी नवा कागद लावून पुन्हा पहिल्यापासून तीस दिवस मोजले होते आणि तेवढे दिवस त्याला 'उपटसुंभ' अशी हाक मारली होती.

तोच थोरला आता कागद हातात घेऊन तळघरात उभा होता.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

"चार दिवसांचा कोरडा," धाकटी म्हणाली. "त्याला काय अर्थ आहे, दादा? तूच सांग."

"हळू बोला," आई म्हणाली. बाबांचा पलंग बरोबर डोक्यावर होता.

खोट्याची सुरुवात थोरल्याकडूनच झाली होती. पंचवीस दिवस हॉस्पिटलात काढून बाबांना शुक्रवारी घरी आणलं. पलंगावर टेकल्या टेकल्या त्यांनी पहिला प्रश्न केला, "कागद लावलास का?" जाताना ते तेवढंच सांगून गेले होते. थोरला वायरमन, दिवसभर कामावर आणि उरलेला वेळ हॉस्पिटलच्या बाकावर. कागद त्याच्या ध्यानातही राहिला नव्हता. पण तासाभरापूर्वी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते त्याच्या कानात तसंच होतं. दोन आठवडे, असं डॉक्टर म्हणाले होते. फार तर. त्यामुळे थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "लावला ना. तुम्ही गेलात त्याच दिवशी."

बाबांनी बोटांवर मोजलं. "मग बुधवारी तीस होतात," ते म्हणाले आणि शांतपणे डोळे मिटले. थोरल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी कागद लावला आणि कोपऱ्यात बाबा हॉस्पिटलात गेले त्या दिवसाची तारीख लिहिली.

"रविवारपर्यंत फळ्या आणि रंग होईल," तो आता आईला म्हणाला. "लाइट मी उद्याच ओढतो. रविवारी त्यांना खाली आणू."

"आणि त्यांना सांगायचं कधी?" धाकटीने विचारलं. ती नर्स होती. आजाराबद्दल आडपडदा ठेवला की तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. "आई, मी वॉर्डात रोज बघते. ज्यांना सांगत नाहीत तीच माणसं जास्त तळमळतात."

"ती तुझ्या वॉर्डातली माणसं. हा माझा माणूस आहे."

"म्हणूनच म्हणते."

"बावीस वर्षं," आई म्हणाली. "बावीस वर्षं त्यांनी मला ही खोली दाखवली आहे, हवेत हात करून. इथे खिडकी, इथे मशीन, इथे तुझे दोरे. एकदा, एकदाच मला त्यांच्यासमोर इथे बसून शिवू दे. त्यांना कळलं ना, की माणूस तिथेच खचेल. मग खोली बघायला उरणार कोण?"

धाकटीने भावाकडे पाहिलं. तो आपल्या बाजूचा नाही हे तिला कळलं. लहानपणापासून आईविरुद्ध दोघं एक व्हायची. आज तो खाली मान घालून कागदाची घडी करत होता.

"भिंतीचं काय?" ती म्हणाली.

"भिंत नंतर उघडता येईल," थोरला म्हणाला. "नंतर सगळंच करता येईल."

नंतर म्हणजे कशानंतर, हे तिघांनाही समजलं.

*

बाबांना खालचं सगळं ऐकू येत होतं. दिसत नसलं तरी काम कुठवर आलं ते त्यांना आवाजावरून कळायचं.

"हा खिळा वाकडा गेला," गुरुवारी दुपारी ते धाकटीला म्हणाले. ती त्यांना औषध देत होती. "आता उपटेल बघ."

खालून खिळा उपटल्याचा आवाज आला. बाबा हसले आणि हसण्याचा त्रास झाला म्हणून थांबले.

"हात बरा आहे त्याचा. घाई करतो तेवढंच. तुझ्या आईला सांग, मशीन खिडकीच्या उजव्या अंगाला मांड. उजेड डावीकडून यायला हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली शिवणीवर पडते."

"सांगते."

"आणि पुढच्या महिन्यात मला जरा उभं राहता आलं की फरशी घासून घेऊ. ती अजून खरखरीत आहे. अनवाणी बसेल ती, पाय दुखतील."

धाकटीने वॉर्डात कितीतरी लोकांचे 'पुढच्या महिन्यात' ऐकले होते. त्यांच्याकडे बघून मान हलवायची, विषय बदलायचा, चादर नीट करायची, हे सगळं तिला येत होतं. इथे तिला त्यातलं काहीच जमेना. "पेला धुऊन आणते," म्हणून ती बाहेर आली आणि मोरीत नळ सोडून उभी राहिली. बाप मरणार आहे याचं दुःख होतंच. पण तो फरशी घासायचे बेत करतो आहे आणि आपण हो हो म्हणतो आहोत, याची तिला लाज वाटत होती आणि ती लाज दुःखापेक्षाही असह्य होत होती.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय म्हणाले?"

"मशीन खिडकीच्या उजवीकडे ठेव म्हणाले."

आईचा चेहरा इतका उजळला की धाकटीच्या ओठांवर आलेलं सगळं ओठांवरच राहिलं. त्या क्षणी तीही आईच्या बाजूला गेली. पटलं म्हणून नव्हे, आईचा तो चेहरा मोडवेना म्हणून.

*

शनिवारी आत्या आली. बाबांच्या पाठची बहीण. टपालखात्यात पत्रं लावण्यात जन्म गेलेला, त्यामुळे घरातल्या कुठल्याही गोष्टीचा पत्ता तिला लागल्यावाचून राहत नसे. भावाजवळ अर्धा तास बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, "वाळलास रे दादा" म्हणाली आणि "बघू तरी काय महाल बांधलाय" म्हणत खाली उतरली.

आई आणि थोरला शेवटच्या फळ्या मारत होते. खिडकीकडची दोन हात भिंत अजून उघडी होती. आत्या पायरीवरच थांबली.

"कागद?"

"झाला, आत्या. तीस दिवस झाले."

"कोणाला सांगतोस?" आत्या म्हणाली. "तुझा बाप हॉस्पिटलात होता तेव्हा वहिनींना डबा द्यायचा म्हणून मी इथे कोठारातले बटाटे घ्यायला आले होते. पंधरा दिवस झाले असतील. ही भिंत उघडी होती. कागदबिगद काही नव्हता."

थोरला हातोडी खाली ठेवून उभा राहिला.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तुला कशाची एवढी घाई सुटली? आमच्या घरात काय झालं ते माहीत नाही तुला? छकुलीचं माहीत नाही?"

"माहीत आहे."

"माहीत असून? थांब, दादालाच सांगते."

"वन्सं," आई म्हणाली, "सांगू नका." आणि मग तिने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. दोन वाक्यांत संपलं.

आत्या पायरीवर बसली. चष्मा काढला, पुन्हा घातला. वर पलंगाची कुरकुर झाली, बाबांनी कूस बदलली असावी.

"तो तर मला म्हणाला, पुढच्या वेळी येशील तेव्हा खालीच बसून चहा घेऊ," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच तळघर होतं, जुन्या घरातलं, तिच्या बापाने केलेलं. तोही गवंडीच. पाहुणे यायचे होते म्हणून त्याने आठ दिवसांत भिंतीला फळ्या मारल्या. उन्हाळ्यात तिथे गार वाटायचं म्हणून दोघी बहिणी तिथेच झोपायच्या. छकुली सहा वर्षांची, भिंतीकडून झोपायची. आत्या नऊ वर्षांची, बाहेरच्या बाजूला, कारण तिला पाणी प्यायला उठावं लागे. पावसाळ्यात छकुलीला खोकला लागला तो थंडी संपली तरी गेला नाही. ती गेल्यावर बापाने फळ्या उपटल्या तेव्हा मागची बाजू खांद्यापर्यंत काळी पडली होती, बुरशीने. डॉक्टरांनी त्याचा खोकल्याशी संबंध आहे की नाही ते कधी ठामपणे सांगितलं नाही. घरात मात्र कोणाला विचारावं लागलं नाही.

"त्या फळ्या मारताना धरायला दादाच होता," आत्या म्हणाली. "चौदा वर्षांचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण हा जन्मभर पाणीसुद्धा फुंकून प्यायला."

"मी चूक करतोय का, आत्या?" थोरल्याने विचारलं. चाळिशीचा पुरुष, पण विचारलं अगदी लहान मुलासारखं.

आत्या उठली. पदर कमरेला खोचला.

"करतोयस," ती म्हणाली. "आण ती फळी. मी धरते."

*

रविवारी सकाळी बाबांची दाढी झाली. हातांच्या खुर्चीला चादरीने बांधून थोरल्याने पुढून, धाकटी आणि आत्याने मागून त्यांना उचललं. वजन एका सिमेंटच्या गोणीइतकंही भरत नव्हतं. अशा दोन दोन गोण्या बाबा पाठीवर टाकून याच पायऱ्या उतरायचे, हे थोरल्याला आठवलं आणि त्याला पायरी दिसेनाशी झाली.

"सातवी जपून," बाबा म्हणाले. "ती अर्ध्या इंचाने उंच आहे. माझीच चूक. बावीस वर्षांत एवढीच."

"एवढीच का?" आत्या मागून म्हणाली. "बायकोला विचार."

आई खाली मशीनवर बसली होती. ठेवणीतली साडी नेसली होती आणि त्याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती. चारही भिंती पांढऱ्या, वरच्या अरुंद खिडकीतून रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय दिसत होते, आणि उजेड बरोबर डावीकडून शिवणीवर पडत होता. बाबांची खुर्ची टेकली. ते बघत राहिले. एक भिंत, दुसरी भिंत, दिवा, दोऱ्यांची फळी, ती.

"शिव," ते म्हणाले.

आईने उशीचा अभ्रा सुईखाली घेतला आणि पायाने मशीन चालवलं. सरळ एक शिवण घातली, दोरा तोडला.

"पुन्हा शिव. वर हा आवाज भांड्यांत हरवायचा. मी कधी धड ऐकलाच नाही."

तिने दुसरी शिवण घातली. पहिलीवरूनच घातली, कारण डोळे भरले होते आणि कापड दिसत नव्हतं. पण मनात म्हणाली, झालं, एवढंच हवं होतं. त्यांनी बघितलं. खोटं बोललो ते कारणी लागलं. त्या दोन मिनिटांत ती जेवढी सुखी होती तेवढी पुन्हा होणार नव्हती, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं.

"कागद आण," बाबा थोरल्याला म्हणाले. "पेटीत ठेवू. चार झाले, काम झालं."

थोरल्याने पेटी आणली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

बाबांनी तारीख पाहिली. तारीख बरोबर होती. मग सवयीने त्यांनी कागदाच्या वरच्या कडेवरून, चिकटपट्टीवरून, अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. प्रत्येक भिंतीच्या कागदावर त्यांनी असाच अंगठा फिरवला होता, आणि दर वेळी डिंकाला धरलेली बारीक धूळ लागली होती. हा कागद दुकानातून आणल्यासारखा होता. आधी त्यांना पोराचा राग आला. आळशी आहे, विसरला, आणि वर खोटं बोलतो, असं मनात आलं. मग त्यांनी पेटीतला तिसऱ्या भिंतीचा कागद काढून उलगडला. वरच्या कडेला पेन्सिलीने ओढावी तशी राखाडी रेघ होती.

"किती दिवस लावला होतास?"

"तीस, बाबा."

"तारीख कोणीही लिहील. ही रेघ लिहिता येत नाही."

मशीन थांबलं होतं. थोरल्याने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चार," तो म्हणाला. "मी विसरलो होतो. तुम्ही घरी आलात आणि विचारलंत, तेव्हा..."

"विसरलास तर विसरलो म्हणायचंस. चार शिव्या खाल्ल्या असत्यास, कागद लावून महिनाभर थांबला असतास. तुला छकुलीचं माहीत आहे. उपटसुंभ असलास तरी तू एवढ्यावर भिंत बंद करणारा नाहीस." बाबा बोलता बोलता हळू झाले. "तू थांबला नाहीस. तुझी आत्या घरात असून तिनेही..." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. तीही कागदाकडे बघत नव्हती. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं, ती रडत होती. "महिना थांबायला वेळ नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय."

वरच्या खिडकीतून कोणाचे तरी बूट टकटक करत गेले.

"अगं," बाबा म्हणाले, "किती म्हणाले?"

आई मशीनवरून उठली नाही. चाकावर हात ठेवून म्हणाली, "दोन आठवडे. त्यातले नऊ दिवस झाले."

बाबांनी मान हलवली. कोणी विटांचा आकडा सांगावा आणि त्यांनी तो ध्यानात ठेवावा, तशी. मग त्यांचा चेहरा आक्रसला आणि ते रडले. मुलांनी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं; कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"भीती वाटते गं," ते म्हणाले.

आई उठली, खुर्चीजवळ खाली बसली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मलापण," ती म्हणाली. "नऊ दिवस वाटतेय. एकटीला."

"मग सांगायचंस ना. दोघं मिळून भ्यालो असतो."

आपण त्यांचे नऊ दिवस वाचवले असं ती समजत होती, आणि आता कळत होतं की तेवढे दिवस आपण त्यांना एकटं ठेवलं, आणि स्वतःही एकटी राहिलो.

बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे पुसले. "फळ्या काढा," ते म्हणाले.

"बाबा, आता राहू द्या," थोरला म्हणाला. "मी नंतर..."

"आत्ता. माझ्यासमोर."

"राहू द्या हो," आई म्हणाली. "खोली कशी दिसतेय बघा तरी. पाच दिवस तरी अशी राहू दे."

"पाच दिवस मी बघेन. पण त्यानंतर रोज तू बसणार आहेस, त्या भिंतीला लागून." त्यांना दम लागला, ते थांबले. "त्या वेळी मी फळ्या धरल्या होत्या. मला माहीत होतं भिंत ओली आहे. हाताला गार लागत होती. बाबांना म्हणालो नाही, थांबा. चौदा वर्षांचा होतो, म्हणता आलं असतं. पुन्हा नाही धरायच्या मला."

आत्याने तोंडावर पदर दाबला. साठ वर्षांत भावाने तिला हे कधी सांगितलं नव्हतं.

थोरल्याने खिळे उपटायला घेतले. आत्याने काल धरलेली फळी आज तिनेच उतरवून घेतली. दुपारपर्यंत भिंत उघडी झाली, रंगाचा वास आणि लाकडाचा भुसा खोलीभर. धाकटीने फरशी पुसली आणि उडालेली धूळ बसू दिली. मग बाबांनी नवा कागद मागितला. तो थोरल्याने आणि आईने मिळून भिंतीवर धरला, बाबांनी चिकटपट्टीवरून अंगठा ओढला, जेवढा पोचला तेवढा, आणि पेन्सिल घेतली. तारीख लिहायला खूप वेळ लागला. अक्षर तिरकं गेलं.

"तीस दिवस कधी होतात ते मोज," ते धाकटीला म्हणाले. तिने मोजून सांगितलं. त्यांनी तीही तारीख खाली लिहिली. सगळ्यांना दिसत होतं की पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मध्ये कुठेतरी ते नसतील.

"काढायला तू ये," ते आईला म्हणाले. "एकोणतिसाव्या दिवशी नाही."

*

डॉक्टरांचा शब्द खरा ठरला. बाबा शुक्रवारी दुपारी गेले. मधल्या पाच दिवसांत घरात जेवढं बोलणं झालं तेवढं पाच वर्षांत झालं नसेल. कोणती हत्यारं कोणाला द्यायची, सातवी पायरी तशीच ठेवायची की फोडायची, यावर बापलेकांचं भांडणसुद्धा झालं. रोज संध्याकाळी आई पलंगाला टेकून बसायची आणि दोघं मिळून घाबरायची. धाकटीने एकदा दारातून पाहिलं. दोघं कशाला तरी हसत होती.

तिसाव्या दिवशी सगळे खाली जमले. आई भिंतीपाशी गेली. कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या अंगाला, थेंब होते. थोडे नव्हते, ओंजळ भिजेल एवढे, एकमेकांना लागून खाली ओघळलेले.

"बावीस दिवस काही नव्हतं," थोरला म्हणाला. तो रोज बघून जायचा, हात न लावता. "तेविसाव्या दिवशी पहिला आला."

आत्या भिंतीला हात लावून उभी राहिली. "गार आहे," एवढंच म्हणाली.

आईने चिकटपट्टी सोडवली, पदराने कागदाची आतली बाजू पुसली. मग वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. धूळ लागली. बारीक, राखाडी, सरळ रेघेत बसलेली. महिना झाला होता खरा. बाबा गेल्यापासून तिला दिवस कळले नव्हते, सगळे मिळून एकच लांबलचक दुपार वाटत होती. आता ते अंगठ्यावर दिसत होते. ती अंगठ्याकडे बघत राहिली आणि तिला इतका हुंदका आला की धाकटीला तिला धरावं लागलं.

सावरल्यावर तिने कागदाची घडी घातली, पेटीत इतर तीन कागदांवर ठेवली आणि पेटी बंद केली.

"मशीन वर न्या," ती म्हणाली. "ओट्याजवळ. रस्त्याच्या बाजूने बाहेरून खणावं लागेल, पाणी वळवावं लागेल, मग पुन्हा गिलावा, पुन्हा कागद."

"फार दिवस लागतील, आई," थोरला म्हणाला.

"लागू दे," आई म्हणाली. "आता कसली घाई आहे?"